‘कोडमध्ये नाही’ म्हणून किती टाक्या गळू द्यायच्या?

मा. मुख्य अभियंता साहेब,

हे पाचवं पत्र. आधीच्या चारांच्या पोचा, तुमच्याच कार्यालयाच्या शिक्क्यासह, माझ्या फायलीत आहेत. त्यामुळे टाक्यांसाठी प्रसरणशील सिमेंटचा विषय नव्याने मांडत बसत नाही. चार पत्रांना मिळून एकच उत्तर आलं, तेही तोंडी, तुमच्या कार्यालयाच्या जिन्यात: “अहो, ते कोडमध्ये नाही ना!”

नाहीच. २००० सालच्या आयएस ४५६ मधली सिमेंटची यादी माझीही पाठ आहे, प्रसरणशील सिमेंट तिच्यात नाही. मिश्रकांसाठीच्या १९९९ च्या आयएस ९१०३ मध्येही त्याला जागा नाही. पण त्याच ४५६ मध्ये आकुंचनाचा आकडा आहे. चाचणी केलेली नसेल तर ०.०००३ धरा, असं तो सांगतो. धरू. आमच्या गावच्या साठवण टाकीची लांब भिंत ३० मीटर, म्हणजे आकुंचन ९ मिलिमीटर. आयएस ३३७० भेगेला ०.२ मिलिमीटरपर्यंत सूट देतो, म्हणजे ढोबळ हिशोबाने ४५ भेगा. सळई, सांधे, क्रीप या सगळ्यांच्या नावाने निम्म्या माफ करून टाका. उरलेल्या बावीस मी शिडी लावून खडूने मोजल्या आहेत. प्रत्येकीखाली चुन्याचा पांढरा ओघळ आहे. दुरून पाहिलं तर भिंतीवर कुणी पट्ट्या ओढल्यात असं वाटतं. टाकी भरून पाहण्याच्या चाचणीत ती पास झाली होती, हे आपल्याला आठवत असेलच. सही आपलीच आहे.

आता दुसरा आकडा. अमेरिकेच्या एएसटीएम सी ८४५ नुसार प्रसरणशील सिमेंटचा सळईने जखडलेला नमुना सात दिवसांत ०.०४ ते ०.१० टक्के वाढायला हवा. म्हणजे कमीत कमी ०.०००४. समोर आकुंचन ०.०००३. ही वजाबाकी कोणत्या कोडात आहे, ते मात्र विचारू नका.

सिमेंटात एट्रिंगाइटचे स्फटिक वाढतात, काँक्रीट फुगू बघतं, सळई त्याला धरून ठेवते. सळई ताणात जाते, काँक्रीट दाबात. जॅक नको, केबल नको. ०.०००४ ला पोलादाच्या दोन लाख मेगापास्कलने गुणलं की सळईत ८० मेगापास्कल येतात, सळई ०.३५ टक्के असेल तर काँक्रीटवर ०.२८ मेगापास्कलचा दाब. एवढासाच? हो, कारण ही नुसती आकुंचन भरून काढण्याची पायरी आहे. खऱ्या सेल्फ-स्ट्रेसिंग काँक्रीटमध्ये हा दाब काही मेगापास्कलपर्यंत नेता येतो. सोव्हिएत अभियंते मिखाइलोव्ह हे काम १९६० साली वॉशिंग्टनच्या सिमेंट परिषदेत मांडून गेले. रशियात त्यासाठी गॉस्ट ३२८०३ हे २०१४ चं स्वतंत्र मानक आहे, अमेरिकेत आकुंचन भरून काढणाऱ्या काँक्रीटसाठी एसीआय २२३ आहे, प्रसरणशील मिश्रकांसाठी जपानचं जेआयएस ए ६२०२ आणि चीनचं जीबी २३४३९ आहे. आपल्याकडे वॉटरप्रूफिंगचं टेंडर आहे. दर उन्हाळ्यात.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. कोडमध्ये नाही म्हणून फुगणारं काहीच साइटवर येत नाही, असं आपण खरंच समजता का? टाकीच्या दुरुस्तीच्या वेळी ठेकेदाराच्या माणसाने माझ्यासमोर खिशातून पुडी काढली, दाताने फाडली आणि मिक्सरमध्ये झटकली. “साहेब, फुगणारं आहे, आता गळायची बात नाही.” पुडीवर लिहिलेलं वाचलं तर ॲल्युमिनियमची पूड! तिच्यातून वायूचे बुडबुडे निघतात, ते काँक्रीट ओलं असेपर्यंत. घट्ट झाल्यावर सळईला ताणण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. आपले शाखा अभियंता शेजारीच उभे होते. त्यांनी अडवलं नाही. कशाच्या जोरावर अडवतील? काय चालेल, किती, कोणत्या चाचणीने, हे आपल्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलंच नाही. चांगलं काँक्रीट ‘कोडमध्ये नाही’ म्हणून बाहेर, आणि पुडी कोडमध्ये नसूनही आत!

प्रसरणशील सिमेंटात धोका आहे, हे मला सांगू नका; मीच सांगतो. मात्रा जास्त झाली की काँक्रीट फुटतं. एट्रिंगाइटला पाणी भरपूर लागतं, म्हणजे पहिले सात दिवस गोणपाट वाळता कामा नये, आणि आपल्याकडे पाणी मारणारा पोरगा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साइटवर असतो. सळई कमी तर दाब नाही. धोका आहे म्हणूनच तर मानक मागतोय ना?

मानक करणं आमचं काम नव्हे, असं आपण म्हणाल. समित्यांवर बांधकाम खात्यांचेच प्रतिनिधी बसतात, साहेब. समितीने म्हणायचं, खात्यांकडून मागणी नाही. खात्याने म्हणायचं, समितीकडून कोड नाही. तोवर गावाने टँकरमागे पळायचं.

एकच मागतो. पुढच्या वर्षीच्या कामांतली एक लहान टाकी, पन्नास हजार लिटरचीही चालेल, विशेष तरतूद म्हणून प्रायोगिक धरा आणि तिचं प्रसरण मोजा. मोजायचे साचे मी लेथवाल्याकडून करून घेतले आहेत: तीन नग, ७५ मिलिमीटर चौरस छेदाचे, मधून आटे पाडलेली सळई. पैसे दिलेत, पावती मागणार नाही. कोणत्या टेबलावर आणून ठेवू, तेवढं कळवा.

आपला,
एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर