कणादांकडे सुई होती काय?

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या पाहुण्यांनी मुलांना छातीठोकपणे सांगितले, "सुईच्या टोकाने अणू हलवला म्हणून गोऱ्यांचे काय कौतुक? आमच्या कणादांना सारे ठाऊक होते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापक या नात्याने मी शाल-श्रीफळ दिले, आभारही मानले. त्या टाळ्या अजून सलतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

कणादांविषयी मला पाहुण्यांपेक्षा काकणभर अधिकच आदर आहे. झरोक्यातल्या कवडशात तरंगणारा त्रसरेणू हा वैशेषिकांच्या मते डोळ्यांना दिसणारा सर्वांत लहान कण. त्यापलीकडचा परमाणू दिसत नाही, तो अनुमानानेच जाणायचा. जिथे त्यांनी प्रामाणिकपणे 'दिसत नाही' म्हटले, तिथे आपण 'सारे ठाऊक होते' म्हणायचे?

तो सुईने चाचपता आला, तो १९८१ नंतर. झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बिनिग आणि रोरर यांनी अतिशय टोकदार सुई धातूच्या पृष्ठभागाजवळ नेली, पण टेकवली नाही. मधल्या फटीतून सूक्ष्म विद्युतप्रवाह झिरपतो. अंतर अर्ध्या अणूएवढे वाढले, तरी तो साधारण दहा पटींनी घटतो. आंधळ्याने काठीने उंबरा ओळखावा, तसा त्यावरून पृष्ठभागाचा नकाशा मिळतो. १९८६ च्या नोबेलमध्ये दोघांना वाटा मिळाला.

पुढे १९८९ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील आयबीएमच्याच प्रयोगशाळेत डॉन आयग्लर यांनी अशाच सुईने झेनॉनचा एक अणू ओढत हव्या त्या जागी नेला. उपकरण उणे २६९ अंशांवर ठेवलेले, कारण एरवी झेनॉन धातूवर ठरत नाही. नोव्हेंबरात त्यांनी श्वाइत्सर यांच्यासह निकेलवर ३५ अणू मांडून तीन अक्षरे लिहिली. त्याला २२ तास लागले. अक्षरे कोणती, तर कंपनीच्या नावाची! गडाच्या भिंतीवर स्वतःचे नाव कोरणारे आठवले मला. हौस पोरकट खरी, पण मेहनत पोरकट नव्हे.

"मुलांचा स्वाभिमान जागवला तर बिघडले कुठे?" असे एका पालकांनी नंतर विचारले. बिघडते हो! सारे आधीच झाले आहे असे ज्याला पटले, तो मुलगा बावीस तास एका सुईपाशी बसेल कशाला?

कार्यक्रम संपल्यावर नववीतली एक मुलगी जवळ आली. "सर, कणादांच्याकडं ती सुई होती काय?"

"नव्हती," मी म्हणालो. पाहुणे तेव्हा मोटारीत बसत होते आणि माइकवाला वायरी गुंडाळत होता.