बोटांवरची बेरीज

मूल पाच वर्षांचे होते न होते तोच पुष्कळ घरांतून त्याच्यापुढे पाटी येते आणि तिच्यावर ५ + ३ असे गणित मांडले जाते. मूल बोटे उघडू लागते, तोच वडीलधाऱ्यांचा आवाज चढतो, "बोटे नकोत, तोंडी सांग!" बावरलेले मूल मग आईच्या मुद्रेकडे पाहत "सात? नऊ?" असे अंदाज बांधू लागते. तेथे बेरीज संपलेली असते.

वस्तुतः बोटे मोजणे हा आळस नव्हे. पाच आणि तीन चिंचोक्यांचे दोन ढीग पुढे ठेवले, तर मूल आरंभी ते एकत्र करून पहिल्यापासून सगळे मोजते. कित्येक दिवस असेच चालते, आणि चालू द्यावे. मग केव्हातरी ते पाचांच्या ढिगास हातही लावीत नाही. 'पाच' म्हणून पुढे 'सहा, सात, आठ' असे मोजते. पुढे तीन आणि पाच विचारले तरी आरंभ पाचापासूनच करते. ही युक्ती धाकाने येत नाही.

मराठी मुलास आणखी एक अडचण असते. तेवीस म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना दोन. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' असेही वाचन आले, तेव्हा केवढा वाद माजला! घरी मात्र दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या पुरतात. आणखी चार काड्या हाती दिल्या, की मूल जुड्या तशाच ठेवून त्या सुट्या काड्यांत मिळविते.