नुसती ॲसिडिटी

मराठी भाषेतल्या कोणत्या शब्दावर माझा दात आहे असं कुणी विचारलं, तर मी बेलाशक 'नुसता' या शब्दाकडे बोट दाखवीन. बँकेत बावीस वर्षं काढली, पण लग्नकार्यात ओळख करून देताना सासुरवाडीची मंडळी अजून म्हणतात, "हे बँकेत असतात. म्हणजे नुसते क्लार्क आहेत." मॅनेजर नसण्याचा गुन्हा त्या तीन अक्षरांत शाबीत होतो आणि शिक्षाही तिथंच सुनावली जाते. इथवर मी सोसलं. पण या शब्दाने पुढे माझ्या नरड्यावरच पाय दिला, तेव्हा लेखणी उचलल्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

त्याचं असं झालं. मार्गशीर्षातली यल्लम्मादेवीची जत्रा. आपल्याला एकंदर नातेवाईक किती, हे जतमध्ये घर असलेल्या माणसाला या जत्रेत कळतं. पोरांचं, बायामाणसांचं उरकून आमची पंगत बसायला रात्रीचे साडेदहा झाले. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी आणि वाढायला धाकटे मेहुणे. बहिणीच्या नवऱ्याला पोटभर खाऊ घालणं आणि त्याच्यावर सूड उगवणं, यांतला फरक कळू नये असा त्यांचा आग्रह. अकरा वाजता मी आडवा झालो.

दोनच्या सुमारास जाग आली ती श्वास आत येईना म्हणून. घशात कुणी बँकेचं चॅनेल गेट ओढून घ्यावं आणि कुलूप घालून किल्ली घेऊन जावं, तसा प्रकार. उठून बसलो, तोंड वासलं, तर आतून डांग्या खोकल्याच्या पोरासारखा 'हूऽऽक' असा आवाज निघाला. हिने पाठीत गुद्दे घातले. बरेच दिवसांची इच्छा असावी, इतके मनापासून घातले. थोरला मुलगा दारात येऊन उभा राहिला. त्याला "काही नाही रे, झोप जा" एवढंच सांगायचं होतं, पण सांगायला अंगात वारा नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि मी त्याच्या. मग घसा सैल झाला, तोंडात आंबटकडू पाणी आलं आणि श्वास चालू झाला. सगळा कारभार मिनिटभराचा. पण कॅश जुळत नसताना भिंतीवरचं घड्याळ जसं चालतं, तसं ते मिनिट चाललं.

सकाळपर्यंत बातमी गल्लीत आणि दुपारपर्यंत काउंटरच्या दोन्ही बाजूंना पसरली. शेजारचे अप्पा म्हणाले, "दमाच हाय हो. तुमच्या वडलांस्नी बी व्हता न्हवं?" सासूबाईंना दृष्ट दिसली. साहेब म्हणाले, "टार्गेटचं टेन्शन घेऊ नका," आणि त्याच हाताने विमा पॉलिसींचं नवं टार्गेट पुढे सरकवलं. मेडिकलवाल्याने न विचारताच गॅसच्या गोळ्यांची पट्टी फाडून दिली. कॅशियर तेवढे म्हणाले, "राव, आधी हार्ट बघून घ्या."

यांतलं एकट्या कॅशियरचं म्हणणं शहाणपणाचं होतं, हे इथंच नमूद करतो. चाळिशी उलटलेल्या माणसाला दम लागला, छातीत कळ आली, तर पहिली शंका हृदयाची घ्यायची. सोडा पिऊन ढेकराची वाट बघत बसायचं नाही. मी कार्डिओग्राम काढला, तो निर्दोष निघाला. मग एका डॉक्टरांनी दम्याचा पंप हाती दिला. आठ महिने तो ओढला. महिन्यातून दोन-तीनदा रात्री दोनचा प्रयोग ठरलेला. दिवसा खोकला, घसा बसलेला, आणि दर दोन मिनिटांनी खाकरणं. खातेदारांना वाटायचं, मी त्यांना काही सुचवतोय.

आठ महिन्यांत जे भेटले त्यांनी मला धूम्रपान, धूळ, घराण्याचा इतिहास, सगळं विचारलं. जेवता किती वाजता आणि झोपता किती वाजता, हे मात्र एकानेही विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही, कारण मला छातीत जळजळ कधी होतच नव्हती. जळजळ नाही म्हणजे ॲसिडिटी नाही, अशी माझीही समजूत. आता कळलं की घशापर्यंत आम्ल पोचणाऱ्या पुष्कळांना जळजळ होतच नाही. चोर मुळी जिन्याची घंटा वाजवत नाही.

शेवटी मिरज. डॉक्टर विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली तिथं रुग्णालय काढलं, तेव्हापासून आमच्या मुलखात 'मिरजेला न्या' हे उपचारशास्त्रातलं अखेरचं वाक्य आहे. तिथल्या एका डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला, पुढे पोटही पाहून घेतलं आणि सांगितलं, की रात्री पोटातलं आम्ल वर चढतंय, त्याने स्वरयंत्र लाल झालंय, आणि एखादा थेंब तिथं पडला की घसा घाबरून स्वतःच बंद होतो.

घरी परतलो. ओसरीवर दहाबारा माणसं. "काय निघालं?" म्हटलं, "ॲसिडिटी."

"हात्तिच्या! नुसती ॲसिडिटी!"

त्या क्षणी माझी समाजातली पत साफ घसरली. हृदयविकाराला लोक फळं घेऊन भेटायला येतात. दम्याला निदान मान तरी आहे. ॲसिडिटीला कुणी केळंसुद्धा आणत नाही. दोन मिनिटांत ओसरी रिकामी झाली.

आता या 'नुसती'चा हिशेब मांडतो. मी बी.कॉम.; तेव्हा जमाखर्चाच्याच भाषेत मांडणार.

जठर ही आपली तिजोरी. तिच्यात रोज दीड-दोन लिटर पाचक रस तयार होतो, आणि त्यातला मुख्य ऐवज म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. तिजोरीला आतून चिकट अस्तर असतं म्हणून ती टिकते. वरच्या अन्ननलिकेला ते अस्तर नाही, आणि त्यावरच्या स्वरयंत्राला तर नाहीच नाही. मध्ये राखण काय? तर स्नायूंचं एक कडं. घास आला की उघडायचं, गेला की मिटायचं, एवढीच त्याची नोकरी. पोट तुडुंब भरलं, ढेरी सुटली, तंबाखू चालू असली, की हा वॉचमन ढिला पडतो. त्यात आपण भरल्या पोटी आडवे झालो, म्हणजे उतारही गेला. मग आतला ऐवज विनापावती बाहेर.

जतकराला यात नवल वाटू नये. कृष्णेचं पाणी म्हैसाळच्या योजनेतून टप्प्याटप्प्याने उपसून आमच्या तालुक्याकडे चढवायला केवढाले पंप लागतात, किती वर्षं लागली! पोटातलं पाणी मात्र विनापंप, विनाअनुदान, एका रात्रीत नरड्यापर्यंत चढतं. आणि सीमाप्रश्नाचं म्हणाल, तर २०२२ साली कर्नाटकाने आमच्या तालुक्यातल्या चाळीस गावांवर दावा सांगितल्यापासून त्यातही आम्ही तरबेज. अन्ननलिका आणि श्वासनलिका या तशाच शेजारणी. गर्भात एकाच नळीतून दोघी फुटतात, आणि मेंदूतून निघणाऱ्या दहाव्या मज्जातंतूच्या फांद्या दोघींकडेही जातात. अन्ननलिकेच्या तळाशी आम्लाने कुरापत काढली, की सीमेपलीकडे श्वासाच्या वाटा आपोआप आवळतात. थेंब पलीकडे पडायलाच हवा असंही नाही.

हे ज्ञान ताजं आहे म्हणून लोकांना ठाऊक नाही, असंही म्हणायला जागा नाही. चरकाने श्वासविकाराचं उगमस्थान छातीत नव्हे, तर पित्ताच्या ठाण्यात सांगितलं आहे, आणि तमकश्वासाचा रोगी आडवा झाला की कासावीस होतो, बसला की त्याला बरं वाटतं, हेही लिहून ठेवलं आहे. माधवनिदानात वर चढणारं अम्लपित्त आणि खाली जाणारं अम्लपित्त अशी वेगळी खाती आहेत. तिकडे विल्यम ऑस्लर यांनी आपलं वैद्यकाचं पाठ्यपुस्तक १८९२ साली काढलं, त्यातही पोट फार भरलं की दम्याचा झटका येतो, हे नोंदलेलं आहे. इतक्या वह्यांत नोंद असून खातं कुणी उघडत नाही, कारण वर शेरा पडलाय: 'नुसती'.

या शेऱ्याचा पहिला परिणाम असा, की ॲसिडिटी हा डॉक्टरांकडे न्यायचा आजार राहत नाही, तो ड्रॉवरमध्ये ठेवायचा आजार होतो. आमच्या शाखेत स्टॅम्पपॅडपेक्षा गोळ्यांच्या पट्ट्या जास्त निघतील. रॅनिटिडीन तर पिढ्यान्‌पिढ्या गोळ्या-बिस्किटांसारखं चघळलं गेलं. अमेरिकेने २०२० साली ते बाजारातून काढायला लावलं, आपल्याकडे २०२२ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते गळालं, तेव्हा आमचे हेडक्लार्क नात्यातलं कुणी गेल्यासारखे बसून होते. हल्लीच्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या गुणाच्या आहेत, पण त्या साधारण जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या. आमची मंडळी त्या भरपेट जेवून, ढेकर देऊन घेतात. म्हणजे क्लिअरिंग निघून गेल्यावर चेक भरायचा आणि जमा का झाला नाही म्हणून काउंटरवर भांडायचं! शिवाय गोळी आम्ल कमी करते, ढिला वॉचमन बदलत नाही. ते काम जेवणाच्या वेळेचं आणि पोटाच्या घेराचं. गिळताना अडकायला लागलं, वजन उतरायला लागलं किंवा रक्त पडलं, तर पट्टी फाडत न बसता डॉक्टरच गाठावा लागतो.

उलटी बाजूही खतावतो, नाहीतर ऑडिटला सापडेन. प्रत्येक दमा काही पोटातून येत नाही. २००९ साली अमेरिकेत दम्याच्या ४१२ रोग्यांवर, ज्यांना ॲसिडिटीचा त्रास नव्हता किंवा अगदी जुजबी होता, चोवीस आठवडे प्रयोग केला. आम्ल दाबणाऱ्या जबरी गोळ्यांनी त्यांचा दमा तसूभरही सुधारला नाही. तेव्हा हा लेख वाचून कुणी पंप उकिरड्यावर फेकू नये. माझं भांडण पंपाशी नाही, न विचारलेल्या प्रश्नाशी आहे.

ते भांडण मला इतकं का लागलंय, तेही सांगतो. आमचे अण्णा अडत दुकानात दिवाणजी होते. हिशेब मिटवून घरी यायला त्यांना रात्रीचे दहा व्हायचे. भाकरी, आमटी, ठेचा, वर कडक चहा, आणि लगेच घोंगडं. तासा-दोन तासांनी उठून ते भिंतीला पाठ लावून बसायचे. पहाटेपर्यंत तसेच. लहानपणी मला वाटायचं, वडील नावाची माणसं बसूनच झोपतात. "आडवं झालं की दम कोंडतो रं, बसलं की बरं हाय," एवढंच म्हणायचे. गावाने त्यांना 'दमेकरी' म्हणून टाकलं आणि १९९८ साली ते गेले तेही तेवढीच पदवी घेऊन. त्यांचं हृदय थकलेलं असेल, खरोखरीचा दमाही असेल, बी.कॉम. झालेल्या माणसाने मेलेल्या बापाचं निदान करू नये. पण "अण्णा, जेवता किती वाजता?" हे त्यांना कुणीच विचारलं नाही. मीही नाही. एवढ्या एका प्रश्नाला काय पैसे पडत होते?

म्हणून त्या रात्री दारात उभ्या मुलाचा चेहरा मला विसरता येत नाही. भिंतीला टेकलेला बाप मी पाहिला, आता तो पाहणार होता.

तेव्हा आमच्या घरी आता नवी राजवट आहे. साडेसातला जेवण, त्यानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही. भाकरी, ठेचा सगळं आहे, फक्त मापात आहे. उगाच शाळूची बदनामी नको. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून तो सहा-आठ इंच उचललाय. उशांवर उशा रचून भागत नाही. त्याने नुसती मान वाकते आणि पोट दुमडून आणखी दाबलं जातं. झोपायचं डाव्या कुशीवर, म्हणजे जठराचं तोंड वरच्या अंगाला राहतं. आमची ही मात्र रोज पहाटे पायथ्याशी सापडते. "लग्नात सात पावलं चालले, आता रोज रात्री दोन घसरते," म्हणते. पाहुणे पलंग बघून "वास्तुशास्त्र का?" असं विचारतात. मी हो म्हणतो. वास्तुशास्त्र म्हटलं की मान मिळतो; ॲसिडिटी म्हटलं की हसतात. रात्री दोनचा प्रयोग मात्र पाच महिन्यांत एकदाच झाला, तोही एका बारशाच्या कृपेने.

कारण या सगळ्यात पंगत आडवी येते. आग्रह हा आपल्या संस्कृतीचा अलंकार आहे म्हणतात. असेल. पण रात्री दहानंतर केलेल्या आग्रहाची नोंद मी तरी अलंकारात करणार नाही, दुखापतीत करीन. माझ्या मागण्या मोजून तीनच. दम लागलेल्याला, त्याचं हृदय तपासून झालं की, जेवणाची वेळ विचारा. रात्री नऊनंतर कुणाच्या पानात त्याच्या इच्छेविरुद्ध काही टाकू नका. आणि ॲसिडिटीमागचा 'नुसती' काढून टाका.

परवा साडूंकडे वास्तुशांत होती. बसायला पावणेदहा झाले. मी पानावर दोन्ही हात आडवे धरून हे सगळं, चरकापासून म्हैसाळपर्यंत, सविस्तर सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं. तेवढ्यात मागून धाकटे मेहुणे आले, माझ्या दोन हातांच्या फटीतून त्यांनी तुपात बुडालेली पोळी अचूक सोडली आणि म्हणाले,

"घ्या हो भावोजी, नुसती एक!"