वकीलपत्र मालकाचे, बांधीलकी न्यायाची

कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात एखादी दुपार घालविणाऱ्यास एक दृश्य हटकून दिसते. एका बाजूस कापडी पिशवीत जुन्या पगारपावत्या आणि नियुक्तिपत्राची झेरॉक्स प्रत जपून आणलेला कामगार; दुसऱ्या बाजूस व्यवस्थापनाचा अधिकारी व त्याचा वकील. पुकारा होतो. व्यवस्थापनाचा साक्षीदार आज उपलब्ध नाही, असे वकील सांगतो. पुढील तारीख पडते. पाच मिनिटांत सारे आटोपते. अधिकाऱ्याचा तो दिवस पगारी असतो, वकिलाचा फीचा असतो. कामगाराचा मात्र त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो.

या दृश्यात बेकायदेशीर असे काहीच नाही. कायद्याचा भंग न करता कायद्याचा हेतू कसा निष्फळ करावा, याचे एक शास्त्रच गेल्या काही दशकांत तयार झाले आहे. मालकांना सल्ला देणाऱ्या वकीलवर्गातील एक गट त्या शास्त्राचा आचार्य बनला आहे. त्याची झाडाझडती घेणे आता अगत्याचे झाले आहे.

मालकालाही वकील हवाच

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मालकाची बाजू घेणारा वकील म्हणजे कामगारांचा शत्रू, हे समीकरण वर्गसंघर्षाच्या पोथीतून आले आहे. भोसरीत, सातपूरला किंवा इचलकरंजीत पंधरा-वीस माणसांना काम देणारा लघुउद्योजक हा काही शोषणाचा पुतळा नव्हे. चोरी करताना पकडलेल्या माणसाला रागाच्या भरात त्याच दिवशी घरी पाठवून तो मोकळा होतो आणि पुढे न्यायालयात हरतो. आरोपपत्र द्यावे, खुलाशाची संधी द्यावी, चौकशी निःपक्षपाती अधिकाऱ्याकडे सोपवावी, निलंबनकाळात निर्वाहभत्ता द्यावा, हे त्याला सांगणारा वकील त्याच्याइतकेच कामगाराचेही रक्षण करीत असतो. कपात अटळच असेल तर एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन आधी हातात ठेवा, मग निरोप द्या, असे बजावणारा वकील समाजाचे कामच करतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाने आपल्या शाखेतील प्रकरण सामान्यतः नाकारू नये, अशीच अपेक्षा आहे. तेव्हा आक्षेप मालकाचे वकीलपत्र घेण्यावर नाही.

संघर्ष हाच एकमेव मार्ग मानला की काय होते, हे मुंबईने अनुभवले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरणगाव मात्र उद्ध्वस्त झाले. कायद्याच्या चौकटीत वाद मिटावेत, असे म्हणणाऱ्यांची जबाबदारी त्यामुळेच वाढते. ती चौकट खरोखर न्याय देणारी असली पाहिजे. कामगाराचा त्या चौकटीवरील विश्वास उडाला, तर त्याला पुन्हा रस्त्यावर बोलावणारे टपलेलेच आहेत.

अडविलेले दार

औद्योगिक वादात वकिलांचा शिरकाव होऊ नये, अशी कायदेकर्त्यांची मूळ इच्छा होती, हे आज अनेकांच्या स्मरणातही नसेल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम ३६ ने समेटाच्या कामकाजात वकिलाला पूर्ण मज्जाव केला होता. न्यायाधिकरणापुढेही विरुद्ध पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी या दोन्ही गोष्टी मिळाल्याशिवाय वकील उभा राहू शकत नसे. तराजूच्या एका पारड्यात पैशाने विकत घेतलेले पांडित्य पडले, तर दुसरे पारडे वर जाणार, हे साधे गणित त्यामागे होते.

परंतु त्याच कलमात मालकाला आपल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यामार्फत बाजू मांडण्याची मुभा होती. पारादीप बंदराच्या प्रकरणात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, असा पदाधिकारी वकील असला तरी त्याला रोखता येणार नाही. मात्र केवळ मुखत्यारपत्र हाती असल्याने वकिलाला प्रवेश मिळणार नाही. न्यायालयाने कायद्याच्या शब्दांचा सरळ अर्थ लावला. तथापि मालकांच्या संघटनेत एखादे पद पत्करले की बंद दार उघडते, हे चाणाक्षांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. कामगार संघटनांकडेही कायद्याचे जाणकार असतात, हे खरे. पण कोणत्याच संघटनेत नसलेल्या एकट्या कामगाराचे काय?

लांबणीवर टाकण्याची विद्या

या विद्येचा पहिला पाठ म्हणजे प्राथमिक हरकत. आमची संस्था हा ‘उद्योग’च नव्हे, अर्जदार ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही, तो पर्यवेक्षक होता, सरकारने वाद ज्या शब्दांत सोपविला ते शब्दच सदोष आहेत. या हरकतींचा निकाल आधी मागायचा आणि तो विरुद्ध गेला की उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करायची. माणसाला कामावरून काढले ते योग्य की अयोग्य, हा मूळ प्रश्न तोवर कपाटातच राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली, न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालपत्राद्वारे, या प्रथेवर कठोर ताशेरे ओढले. त्या प्रकरणात कामगार एक दशकाहून अधिक काळ केवळ अशा हरकतींशी झुंजत होता. न्यायाधिकरणांनी सर्व मुद्द्यांचा निर्णय एकत्रच द्यावा आणि उच्च न्यायालयांनी मधल्या टप्प्यावर कामकाज थांबवू नये, असे न्यायालयाने बजावले. पुढे १९८४ पासून अमलात आलेल्या कलम १७ ख ने आणखी एक बांध घातला. कामगाराला कामावर परत घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक वरच्या न्यायालयात गेला, आणि त्या काळात कामगार अन्यत्र नोकरीस नसला, तर त्याला शेवटचे वेतन देत राहणे मालकावर बंधनकारक झाले.

तरीही २०१३ साली महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच सांगावे लागले. मालक नामांकित वकील नेमून पीडिताची यातना लांबवू शकतो. नोकरी गमावलेल्या माणसाला ती चैन परवडत नाही. म्हणून खटला दीर्घकाळ चालला या सबबीवर थकीत वेतन नाकारू नये, असा त्या निरीक्षणांचा आशय आहे. दोन निकालांत तीस वर्षांचे अंतर आहे. दुखणे तेच आहे!

कागदी ठेकेदार

दुसरा पाठ अधिक घातक आहे. यंत्र कारखान्याचे, कच्चा माल कारखान्याचा, देखरेख कारखान्याच्या अधिकाऱ्याची. कामगार मात्र ठेकेदाराचा! दर काही वर्षांनी ठेकेदाराचे नाव बदलते, माणसे तीच राहतात. केरळातील एका दोरखंडाच्या कारखान्याने नेमकी हीच मांडणी करून २९ कामगारांशी आपला संबंध नाकारला होता. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कागदाचा पडदा दूर सारून, ज्याच्या धंद्यासाठी घाम गाळला जातो आणि ज्याच्या मर्जीवर कामगाराची रोजी अवलंबून आहे तोच खरा मालक, असा निर्वाळा दिला.

२००१ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठेका पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाच्या सेवेत जात नाहीत, असे ठरविले. परंतु ठेका निव्वळ देखावा असेल तर तो मूळ मालकाचाच कामगार होय, हेही त्याच निकालात आहे. सल्लागारांनी त्यातील पहिला भाग मालकाला ऐकविला आणि दुसरा भाग चुकविण्यासाठी करारनामे घोटून गुळगुळीत केले.

महाराष्ट्रात तर आणखी एक पळवाट सापडली. १९७१ च्या राज्य कायद्याने, कायमपणापासून वंचित ठेवण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली वा हंगामी ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरविली आहे. मात्र मालक-कामगार हे नातेच वादग्रस्त असेल तर त्या कायद्याखालील तक्रार चालणार नाही, असे २००१ सालच्या निकालांनी ठरले. मग काय विचारता! ‘हा आमचा कामगार नव्हे’ एवढे एक वाक्य लेखी जबाबात घातले की कामगाराने आधी दुसऱ्या न्यायपीठापुढे जाऊन आपले नाते सिद्ध करायचे.

नवी संहिता, जुनी खोड

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. एकोणतीस कायद्यांचे जंगल विरळ करण्याचा त्यांचा हेतू स्वागतार्ह आहे. मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, प्रत्येकाला नियुक्तिपत्र, या तरतुदी खचितच मोलाच्या आहेत. उलटपक्षी, कपात वा टाळेबंदीपूर्वी सरकारी परवानगीची अट आता शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या आस्थापनांपासून लागू होते. मुख्य कार्यात कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई आहे. पण ते कार्य सामान्यतः ठेकेदारामार्फत होत असेल तर सूट आहे. ‘मुख्य’ म्हणजे काय आणि ‘सामान्यतः’ म्हणजे काय, या दोन शब्दांवर पुढची वीस वर्षे शुल्क आकारले जाणार, हे भाकीत करण्यास ज्योतिषी नको. कायदा कितीही बदलला, तरी तो वाचणाऱ्याची दृष्टी बदलली नाही तर व्यर्थ होय.

मापदंड आपलाच

ही दृष्टी बाहेरून उसनी आणण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वेतन बुडविणाऱ्या मालकाला दंड सांगितला आहे आणि वेतन घेऊन काम न करणाऱ्या सेवकालाही दंड सांगितला आहे. दोघांनाही एकच धर्म लागू. १९५५ साली दत्तोपंत ठेंगडी यांनी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा त्यांनी वर्गयुद्ध नाकारले, तसेच कामगाराला यंत्राचा सुटा भाग मानणारी भांडवलशाहीही नाकारली. उद्योग हे कुटुंब होय, या विचारात कुटुंबप्रमुखाचा सल्लागार घरात भिंत घालणारा असू शकत नाही.

व्यवहाराच्या कसोटीवरही हा सल्ला टिकत नाही. दर वर्षी बदलणाऱ्या कागदावर काम करणारा माणूस कौशल्य कशासाठी वाढवील? यंत्रावर जीव कशासाठी लावील? ज्या कारखान्याला जगाच्या बाजारात उतरायचे आहे, त्याने आपल्याच माणसांना परके ठरवून स्वतःचाच पाया खणावा, याला चातुर्य म्हणत नाहीत. फी आणि वाचलेल्या वेतनाचा हिशेब मांडणाऱ्यांनी दहा-बारा वर्षांच्या खटल्यानंतर एकरकमी अंगावर येणाऱ्या थकीत वेतनाचाही हिशेब मांडावा.

उपाय अवघड नाहीत. निराधार हरकतींवर न्यायाधिकरणांनी भरभक्कम खर्च लादावा. उद्योजकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना वाद टाळण्याचे प्रशिक्षण द्यावे; वकिलांना पदे वाटून आपली अब्रू गहाण टाकू नये. कामगार संघटनांनी एकट्या पडलेल्या कामगारासाठी कायदा सल्ला केंद्रे चालवावीत. सुशिक्षित घरांतील जे तरुण मनुष्यबळ विभागात वा वकिलीत शिरत आहेत, त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवावे की, ज्या करारावर सही करणाऱ्या प्रत्येकाला तो खोटा असल्याचे ठाऊक आहे, तो आपल्या हातून लिहिला जाणार नाही.

आणि वकीलवर्गाने दूर कोठे जाण्याची गरज नाही. बार कौन्सिलची स्वतःची नियमावली उघडावी. वकिलाने स्वतःला अशिलाचे केवळ तोंड समजू नये; अशिलाला अनुचित मार्गापासून परावृत्त करावे; तो ऐकत नसेल तर त्याचे काम नाकारावे, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. व्हरांड्यातील त्या कामगाराला दया नको आहे. हा एक नियम पाळला गेला, तरी त्याची पुढची तारीख शेवटची ठरू शकेल.