दशमांशाचा लिलाव आणि वेल्सचा शेतकरी



दारात जप्ती येते, गाय दाव्यासकट अंगणात उभी केली जाते, लिलाव पुकारला जातो आणि जमलेल्या हजार माणसांतून एकही बोली लागत नाही. ऐकायला सोपी, करायला फार अवघड अशी ही गोष्ट १८८६ नंतरच्या चारपाच वर्षांत इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेल्या वेल्स नावाच्या छोट्या मुलखात वारंवार घडली. राणी व्हिक्टोरियाचे राज्य होते. आपल्याकडे कलेक्टर पाठवणारे सरकार तेच. त्या सरकारला स्वतःच्या घराशेजारी शेतकऱ्यांविरुद्ध पलटण उभी करावी लागली, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कुठे येत नाही. म्हणून ही हकिकत लिहितो आहे. ती मला जशी समजते तशी लिहितो. तिकडे ती बहुतेक वेगळ्या तऱ्हेने सांगतात.

भांडण होते दशमांशाचे. दशमांश म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा. तो सरकारमान्य चर्चला, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडला, जमिनीने द्यायचा अशी शेकडो वर्षांची रीत. पूर्वी तो खळ्यावरून धान्याच्या रूपात जाई. १८३६ च्या कायद्याने त्याचे पैशात रूपांतर झाले. वेल्सचा शेतकरी मात्र या चर्चमध्ये जातच नव्हता. त्याचे देऊळ वेगळे. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट अशा पंथांची चॅपले गावोगाव लोकांनी वर्गणी काढून बांधली होती, उपदेशकाचा पगार लोकच देत होते आणि तिथली भाषा होती वेल्श. म्हणजे ज्या चर्चची पायरी चढायची नाही, त्याला जमिनीवरचा दहावा हिस्सा द्यायचा. पैसे घेणारा दर वेळी गावचा पाद्रीच असे असेही नाही. हक्क कधी लंडनच्या चर्च कमिशनरांकडे, कधी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजकडे, तर कधी चर्चशी काहीच संबंध नसलेल्या एखाद्या जमीनदाराकडे गेलेला असे.

एवढे सांगून तिकडचे लोक म्हणतात, ही धर्माची लढाई होती. मला ते पटत नाही. चॅपल आणि चर्च यांचा वाद १८३६ साली होता, १८५० साली होता, १८७० साली होता. कुरकुर होत होती, पण दशमांश भरला जात होता. मग १८८६ साली एकदम काय झाले? पाद्री तेच, चॅपल तेच, कायदाही तोच. बदलला होता तो शेतमालाचा भाव.

कायद्यातला हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण वरवर पाहता तो आपल्यालाही आवडावा असा आहे. १०० पौंड दशमांशाचे तीन सारखे भाग करायचे, एक गव्हाचा, एक जवाचा, एक ओटचा. १८३५ पर्यंतच्या सात वर्षांच्या सरासरी भावाने तेवढ्या पैशात किती धान्य येते ते काढायचे आणि ती मापे कायम धरायची. त्यापुढे दर साली मागच्या सात वर्षांच्या सरासरी भावाने त्या मापांची किंमत करायची. तेवढा त्या सालचा दशमांश. धान्य महाग झाले तर देणे वाढेल, स्वस्त झाले तर कमी होईल. देण्याचा भाव मालाच्या भावाला बांधलेला. कोण म्हणेल हा अन्याय आहे?

खोच त्या सात वर्षांत आहे. भाव चढत असताना सरासरी मागे रेंगाळते, त्यात शेतकऱ्याचा फायदा. भाव पडायला लागले की तीच सरासरी जुन्या चढ्या भावांना धरून बसते आणि पैसे मोजायचे असतात आजच्या पडलेल्या भावातून. १८७५ साली १०० पौंडांचा दशमांश ११२ पौंडांच्या वर गेला होता, पण तेव्हा हातात पैसा होता. १८८७ साली तो ८७ पौंडांवर उतरला. उतरला म्हणून पाद्री सांगत, "तुमचे देणे तर कमीच झाले आहे." पण गव्हाचे काय झाले होते? कायद्यातला पायाभाव क्वार्टरला, म्हणजे दोन क्विंटलांहून थोड्या जास्त मापाला, ५६ शिलिंग होता. १८८७ साली बाजारात मिळत होते साडेबत्तीस शिलिंग. जव आणि ओट इतके कोसळले नव्हते, तरी तिन्ही मिळून पडझड दशमांशाच्या बरीच पुढे गेली होती.

त्यातही वेल्सचा डोंगराळ मुलूख धान्याचा नव्हेच. तिथे पावसाला तोटा नाही, उलट तो थांबत नाही. १८७९ चे साल तर नुसत्या ओल्याने बुडाले. शेतकऱ्याचा पैसा यायचा गुरे, मेंढ्या, लोणी यांतून. या जनावरांचे भाव १८८५ च्या सुमारास कोसळले. दशमांशाच्या हिशेबात गाईला जागाच नव्हती! पैसा एका मालाचा आणि देण्याचा हिशेब दुसऱ्या मालावर.

भाव का पडले हेही सांगायला हवे. इंग्लंडने १८४६ साली परदेशी धान्यावरची जकात उठवायचे ठरवले ते कारखान्यातल्या मजुराला भाकरी स्वस्त पडावी म्हणून. तीस वर्षे त्याचा फारसा चटका बसला नाही. पुढे अमेरिकेत आगगाडी गवताळ माळापर्यंत पोचली, आगबोटी मोठ्या झाल्या आणि गव्हाचा लोंढा आला. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यावर मुंबई आणि कराची बंदरांतून हिंदुस्थानचा गहूही तिकडे जाऊ लागला. म्हणजे वेल्सच्या शेतकऱ्याचा भाव पाडायला इकडच्या पोत्यांचाही थोडा हातभार होता, आणि पिकवणाऱ्याला त्याची गंधवार्ता नव्हती. १८९४ साली गहू २३ शिलिंगांच्याही खाली गेला.

आता लढा. डेन्बीशायर नावाच्या उत्तरेकडच्या जिल्ह्यात १८८६ साली शेतकऱ्यांनी पाद्र्यांकडे मागणी केली ती अगदी साधी, यंदा दशमांशात सूट द्या. दशमांश रद्द करा असे कोणी म्हणाले नाही. जमीनदारही त्या काळात खंडात थोडीबहुत सूट देत होते. काही पाद्र्यांनी सूट दिली. बाकीच्यांनी कायद्यावर बोट ठेवले आणि जप्त्या काढल्या.

जप्तीची तऱ्हा अशी. बेलिफ येऊन गाय, घोडा किंवा गवताची गंजी जप्त करणार, मग जागेवर लिलाव. गावाने शिंगे फुंकायची, घंटा वाजवायच्या, टेकडीवर जाळ करायचा. डोंगरातून माणसे खाली उतरायची. नासकी अंडी हे ठरलेले हत्यार. भागातला कोणी लिलाव पुकारायला तयार होईना, म्हणून पुकारणारा बाहेरून आणावा लागे. बोली लावणाराही बाहेरचाच. घेतलेली गाय स्टेशनापर्यंत न्यायची कशी? रस्त्याला तिला चारा कोण देणार? पाच-दहा पौंडांच्या वसुलीसाठी पन्नास पोलिसांचा बंदोबस्त, आणि त्याचा खर्च जिल्ह्याच्या करातून, म्हणजे पुन्हा त्याच शेतकऱ्यांच्या खिशातून. बरेच जण शेवटच्या घटकेला पैसे भरूनही टाकत. पण तोवर दिवस वाया गेलेला असे आणि वसुली करणाऱ्याचे हसे झालेले असे. मला या लढ्यातले खरे बळ इथे दिसते. दगडफेकीने सरकार हलले नाही, वसुलीचा खर्च वसुलीपेक्षा मोठा झाला तेव्हा हलले.

१८८७ च्या मे महिन्यात ल्लांगूम गावी लोकांनी लिलाववाल्यांना घेरले, अंगातले कोट उलटे घालायला लावले आणि पुन्हा या कामाला येणार नाही असे लिहून घेतले. ३१ जणांवर खटले झाले. गावाने त्यांना हुतात्मे ठरवले. प्रकरण शेवटी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर मिटले. पुढच्याच महिन्यात मोखद्रे गावी मात्र रक्त सांडले. पोलीस आणि पलटणीच्या पहाऱ्यात जप्ती निघाली, लाठ्या चालल्या आणि दोन्हीकडचे मिळून ८४ जण जखमी झाले. सरकारला चौकशी नेमावी लागली.

या लढ्याचा आवाज होता थॉमस जी. डेन्बी गावात त्याचा छापखाना होता, तिथून तो 'बानेर' नावाचे वेल्श भाषेतले वर्तमानपत्र काढी. जप्ती कुठे झाली, कोण आले, काय बोलले, सगळे शेतकऱ्याच्या भाषेत छापून येई. दशमांशविरोधी संघटना बांधण्यात तो पुढे होता. वय सत्तरीच्या पलीकडे, स्वतः चॅपलचा उपदेशक. १८८९ साली जिल्हा कौन्सिलांच्या पहिल्या निवडणुका झाल्या आणि डेन्बीशायर कौन्सिलचा पहिला अध्यक्ष हाच थॉमस जी झाला. कालपर्यंत ज्या पोलिसांच्या खर्चावर तो टीका करत होता, त्या खर्चाच्या चर्चेत आता त्याच्या माणसांचा शब्द चालू लागला.

ही हिंमत एका दिवसात आली नव्हती. १८६८ च्या निवडणुकीत जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध उघड मत दिले म्हणून वेल्समध्ये कुळांना जमिनीवरून हुसकावले गेले होते. त्याचा बभ्रा झाला आणि १८७२ साली गुप्त मतदान आले. १८८४ साली खेड्यातल्या साध्या कुटुंबप्रमुखालाही मत मिळाले. बायकांना नाही, ते अजून फार लांब होते. १८८५ साली वेल्सच्या ३४ जागांपैकी ३० लिबरल पक्षाने जिंकल्या. शेतकऱ्याच्या घरातला टॉम एलिस १८८६ साली पार्लमेंटात गेला. दशमांशाच्या सभा गाजवणारा एक तरुण वकील १८९० च्या पोटनिवडणुकीत अवघ्या १८ मतांनी निवडून आला. त्याचे नाव डेव्हिड लॉइड जॉर्ज. पुढे तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला.

आणि इथेच माझी तक्रार आहे. शेतकऱ्याने मागितली होती भाव पडल्याबद्दल सूट. पुढाऱ्यांनी तिची मागणी केली चर्चचे सरकारी स्थान काढून घ्या अशी. चॅपलशिवाय हा लढा उभाच राहिला नसता हे खरे. सभेची जागा, बोलणारी माणसे, हिशेब ठेवणारा चिटणीस, सगळे चॅपलने दिले. पण ज्याने घर दिले त्याने पंगतीचा बेतही ठरवला. दशमांशापेक्षा कितीतरी मोठे देणे होते खंडाचे. वेल्सच्या लागवडीच्या जमिनीतली जवळजवळ नऊ दशांश जमीन कुळे कसत होती, बहुतेक सालोसालच्या करारावर. आयर्लंडच्या कुळांनी १८८१ साली खंड ठरवणारे न्यायालय मिळवले होते. वेल्समध्ये खंडाविरुद्ध तसा लढा उभा राहिला नाही. १८९३ साली जमिनीच्या प्रश्नावर शाही कमिशन बसले, गावोगाव साक्षी घेतल्या, १८९६ साली अहवाल आला. सहा सभासदांनी जमीन न्यायालय द्या म्हटले, तिघांनी नको म्हटले. तोवर सरकार बदलले होते. कायदा झालाच नाही.

जो झाला तो १८९१ चा. दशमांश कुळाने नव्हे, जमीनमालकाने भरायचा, थकला तर दावा कौंटी कोर्टात. शिंगे फुंकायला अंगणातला लिलावच उरला नाही. वरून हा शेतकऱ्याचा विजय दिसतो. मालकाने तेवढी रक्कम खंडात धरून वसूल करायला कोणाची आडकाठी होती? सुटले ते पाद्री. कार्डिगनशायरात जे शेतकरी स्वतःच जमिनीचे मालक होते, त्यांना मात्र कुठेच पळवाट नव्हती. ते पुढेही काही वर्षे भांडत राहिले.

आणखी एक माणूस या हकिकतीत राहून जातो. सालगडी. मे आणि नोव्हेंबरच्या जत्रांत उभा राहून तो सहा महिन्यांची मजुरी ठरवी आणि गोठ्याच्या माळ्यावर झोपे. जप्तीच्या दिवशी डोंगरावरून धावत येणाऱ्यांत तोही होता. दशमांश तो भरत नव्हता. सूट मिळाली असती तरी त्याच्या हाती काय पडणार होते? शहाण्या गड्यांनी कोळशाच्या खाणीची वाट धरली. तिथे मजुरी बरी होती.

चर्चचा सरकारी दर्जा अखेर काढला गेला. कायदा १९१४ चा, अंमल महायुद्धानंतर १९२० साली. दशमांश तरी रद्द झाला का? नाही. तो चर्चऐवजी जिल्हा कौन्सिलांच्या तिजोरीत जाऊ लागला. त्याच सुमारास जमीनदारांनी जमिनी विकायला काढल्या. महायुद्धाने भाव चढलेले होते. कुळांनी कर्ज काढून आपली कसती जमीन विकत घेतली, पिढ्यानपिढ्यांचे स्वप्न पुरे झाले. १९२१ साली भाव कोसळले. आता मालक तेच, म्हणून १८९१ च्या कायद्याप्रमाणे दशमांशही त्यांच्याच नावावर. १९३० नंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये पुन्हा जप्त्या, पुन्हा लिलाव. १९३६ साली पार्लमेंटाने दशमांश रद्द केला आणि त्याच्या जागी साठ वर्षांचे हप्ते बसवले. शेतकरी ते हप्ते सरकारला भरत राहिले. ते बंद झाले १९७७ साली.