माळ्यावरचीं चित्रांचीं पुस्तकें

जुन्नर पेठेंतील जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत, आणि वाड्याबरोबर माळ्यावरची पेटीही रद्दीवाल्याच्या तराजूंत जाते. डिंभे धरणाच्या पाण्याखालीं जुनें आंबेगांव गेलें, तेव्हां देव व भांडीं आधीं हललीं असतील. मुलांच्या फाटक्या पुस्तकांस गाडींत जागा मिळाली असेल काय, ह्याची आम्हांस शंकाच आहे.

गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें अशाच पेटींतून वांचविलेलें चित्रांचें पुस्तक वर्गांत आणिलें व तें पहिल्या आवृत्तीचें आहे काय, असें विचारिलें. आंतील पानावर १९३८ हें साल होतें. आम्ही 'होय' म्हणून मोकळे झालों. घरीं गेल्यावर आठवलें कीं, मलपृष्ठावर किंमत '७५ नवे पैसे' अशी होती! दशमान नाणीं १ एप्रिल १९५७ रोजीं आलीं आणि पैशामागचें 'नवे' हें विशेषण १ जून १९६४ रोजीं गेलें. म्हणजे ती प्रत त्या सात वर्षांतली. प्रकाशकानें पहिलें साल तेवढें तसेंच ठेविलें होतें.

एकट्या सालावर विसंबूं नये, हें आम्ही तेव्हां शिकलों. १८६७ च्या कायद्यानें मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें आणि ठिकाणें छापणें बंधनकारक केलें होतें, सालाची सक्ति मात्र नव्हती. म्हणून 'आवृत्ति दुसरी', 'पुनर्मुद्रण' हे शब्द आधीं शोधावे. शके दिलें असल्यास त्यांत ७८ मिळवावे. वर्षअखेरच्या महिन्यांस ७९. पत्त्यांत सहा आंकडी पिन असल्यास प्रत १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. शुद्धलेखनही साक्ष देतें: १९६२ च्या नियमांनीं, ह्या पानावर दिसतात तसे, न उच्चारिले जाणारे अनुस्वार काढून टाकिले. अनुस्वारविरहित प्रत १९४० ची म्हणून कोणी पुढें केली तर संशय घ्यावा. मात्र कांहीं लेखक ते पूर्वींच टाळीत असत, तेव्हां एवढ्यावरून निकाल देऊं नये. परदेशांतही असेंच चालतें. मॉरिस सेंडॅक यांचें 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हें १९६३ सालीं निघालें व त्यास कॅल्डेकॉट पदक मिळालें १९६४ सालीं. वेष्टनावर पदक छापलेलें असेल तर तें वेष्टन पहिलें नव्हे.

मुलांच्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या दुर्मिळ कां, ह्याचें कारण सरळ आहे. मुलें तीं वाचतात, रंगवितात, चित्रें कापून भिंतीस डकवितात. म्हणून चित्रें मोजून पाहावीं. पालकांस आमची विनंती एवढीच कीं, फाटलेल्या पानांस चिकटपट्टी लावूं नये व पहिल्या पानावरील बाळबोध अक्षरांतलें नांव खोडूं नये. संग्राहक अशा नांवास डाग मानतात. आमचें मत उलट आहे. 'इयत्ता दुसरी' व खालीं तारीख असली, तर त्या तारखेस तें पुस्तक घरांत होतें, ह्याचा तो लेखी पुरावाच होय.

आमची चूक आम्हीं त्या विद्यार्थ्यापाशीं कबूल केली. तो हिरमुसला; मग म्हणाला, "गुरुजी, मग पहिली प्रत कोठें असेल?" त्याच्या शेजारचा वाडा यंदा मार्गशीर्षांत उतरवावयाचा आहे, आणि तेथील माळा अद्याप कोणीं उघडलेला नाहीं.