दंडाची बेडकी आणि हातातले पुस्तक

उत्सव कोणताही असो, धामणगाव रेल्वेपासून अमरावतीपर्यंत चौकाचौकांत लागणाऱ्या फलकांवर देव, राजा आणि सिनेनट यांचे शरीर आज एकच दिसते. फुगलेले दंड, ताणलेली छाती, डोळ्यांत राग. हे शरीर आले कोठून आणि ते कोणाच्या कामी येते, हा प्रश्न चळवळीने विचारलाच पाहिजे.

जुन्या कॅलेंडरांवरचा राम आठवून पाहा. अंगाने मऊ, चेहऱ्याने शांत. १९८७ साली दूरदर्शनवर आलेला रामही मंद हसणाराच होता. पण अयोध्या आंदोलनाच्या फलकांवर धनुष्य ताणलेला, स्नायू फुगलेला राम उभा राहिला. पुढे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनीच, ६ डिसेंबर १९९२ ला, मशीद पाडली गेली. २०१५ साली केरळातील कासरगोडच्या करण आचार्य या चित्रकाराने काढलेला रागीट हनुमान तर देशभर गाड्यांच्या काचांवर जाऊन बसला.

व्यायामाला आमचा विरोध नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, हा वऱ्हाडचा मान आहे. परंतु त्याच ऑलिम्पिकवर लेनी रीफेनश्टाल हिने काढलेल्या चित्रपटात ग्रीक पुतळा जिवंत होऊन खेळाडू बनतो, आणि त्याच हिटलरशाहीने १९३५ च्या कायद्याने ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतलेले होते. शरीराची पूजा आणि माणसाचा द्वेष एकाच घरात सुखाने नांदतात, हा इतिहास आहे.

आणि स्नायू आमच्या बापजाद्यांना नव्हते काय? जिनिंगमध्ये कापूस वाहणाऱ्या, मालधक्क्यावर पोती उचलणाऱ्या हमालाचे चित्र कोणत्या कॅलेंडरवर छापले गेले? १८१८ साली भीमा कोरेगावला लढलेल्या महारांची लष्करभरती इंग्रजांनी त्याच शतकाच्या अखेरीस बंद केली. का? तर म्हणे ही लढाऊ जात नव्हे! शरीर तेच होते. वीर कोण आणि ओझेवाला कोण, हे जात ठरवीत होती.

बाबासाहेबांची प्रतिमा या साऱ्याला उत्तर आहे. अंगात सूट, डोळ्यांवर चष्मा, हातात पुस्तक. १९२७ साली महाडला सवर्णांनी आपल्या माणसांवर हल्ला केला, तेव्हा सभेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले तगडे जवान होते. बदला घेण्याची ताकद त्यांच्यात होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयात शिक्षा झाली. ताकद असून संयम ठेवणे आणि लढाई कायद्याच्या मैदानात नेणे, हा खरा पराक्रम होय.

आज मिरवणुकीतल्या मारामारीचे खटले चालतात, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात मजुरांची पोरे उभी असतात. फलकासाठी पैसा देणारा पुढारी तेथे दिसत नाही. म्हणून तरुणांनी व्यायामशाळेत जरूर जावे, अंग कमवावे. पण आपल्या दंडाचा मालक दुसरा कोणी होऊ देऊ नये. व्यायामशाळेशेजारी वाचनालयही उघडे राहील, याची जबाबदारी आपल्या मंडळांची आहे.